वारेवरची झिल्ली

सेलू, २४ नोव्हेंबर २००२

चि. निकेश यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. फोन दुकानात गल्ल्यापाशी आहे, तिथे तुझे मावसाजी बसतात आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. मी 'हॅलो' म्हटलं की अर्धं सेलू कान टवकारतं. हे बोलणं कोणाच्या कानी जाण्यासारखं नाही.

मयुरी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि वर्ध्याच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन होऊन मुलगा झाला, हे तुला माहीतच आहे. आदल्या दिवशी तू नागपूरहून भेटायलाही आला होतास. आपल्या घरची रीत अशी, की बाळाची वार घरी आणून न्हाणीमागे पुरायची. नीलेशची तिथे आहे, मयुरीची तिथे आहे. मी दवाखान्यात मयुरीजवळ थांबले, आणि वारेचा डबा घेऊन सूनबाई रक्षा तुझ्या मावसाजींसोबत जीपने सेलूला आली. डबा खाली ठेवायचा नसतो म्हणून तिने तो मांडीवर धरला होता. वर्ध्याबाहेर पडताना सिंदी मेघेत तिने जीप थांबवायला लावली, 'आलेच' म्हणाली आणि डब्यासकट गल्लीत गेली. का गेली, ते मावसाजींनी विचारलं नाही. त्यांना दुकानाच्या बाहेरचं काही दिसतच नाही.

मी घरी परतल्यावर अनुसयाबाई आली. आपली जुनी सुईण, तिनेच वार पुरली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "शोभाबाई, म्या आजवर लय वारी पुरल्या. हिच्यावरची झिल्ली नव्हती. कोनं नेली, तुम्हीच पाहा."

आता तूच सांग. माझ्या सुनेच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, कूस उजवलेली नाही. आणि वारेचा तुकडा ज्या बाईला हवा असतो, तो कशासाठी, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. घेणारीचं भलं होतं, पण ज्या बाळाचा तो असतो त्याचं काय होतं?

तू त्या प्रयोगशाळेत आहेस, दवाखान्याची माणसं तुझ्या ओळखीची. वार दिली तेव्हा पूर्ण होती का, एवढंच हळूच विचार. पूर्ण होती असं कळलं, की बाकीचं मी बघून घेईन.

तुझी,
शोभा मावशी

*

नागपूर, २ डिसेंबर २००२

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. अगं, वार म्हणजे बाळाला आईच्या पोटात पोसणारा अवयव. त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पातळ पडदा असतो, त्यालाच अनुसयाबाई झिल्ली म्हणते. ऑपरेशनच्या वेळी तो पुष्कळदा फाटतो, गळून जातो. कधी डॉक्टर तपासायला काढून घेतात. कडेने कात्री लावून नीट कापलेला असला, तर तो डॉक्टरांनीच काढला असं समजावं आणि गप्प बसावं.

त्या पडद्याने कोणाला मूल होत नाही, आणि तो नसल्याने कोणा बाळाचं वाईट होत नाही. हे मी शिकून सांगतो आहे, मोठेपणा करून नाही. रक्षावहिनीचं नाव यात घेऊ नकोस. लहान असताना मी तुमच्याकडे सुट्टीत यायचो, तेव्हा तू शेजारच्या शालूबाईंवर मांजर चोरल्याचा संशय घेतला होतास आणि मांजर गव्हाच्या कोठीत व्यायली होती, आठवतं?

बाळाचं नाव काय ठेवलं ते कळव. मावसाजींना नमस्कार.

तुझा,
निकेश

*

सेलू, १५ डिसेंबर २००२

चि. निकेश,

बाळाचं नाव हर्षित ठेवलं. पाळण्याला तू आला नाहीस. नागपूर ते सेलू एसटीने कितीसं लांब आहे? पूर्वी तू नुसत्या भरल्या वांग्यांसाठी यायचास.

मांजराची गोष्ट काढून मला गप्प करायला बघू नकोस. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या पत्रात झिल्ली नव्हती एवढंच लिहिलं होतं. ती कडेने कात्री लावून कापलेली होती, हे अनुसयाबाईने मला सांगितलं आणि मी ते कोणाला बोलले नाही. तुला मुद्दाम लिहिलं नाही. मग कात्री तुझ्या पत्रात कुठून आली?

मी चौथी शिकलेली असले तरी दुकानदाराच्या घरात आयुष्य काढलं आहे. गिऱ्हाईक स्वतःहून जास्त बोलायला लागलं की समजावं, पिशवीत काहीतरी आहे.

मला एवढंच वाटतं, की रक्षाने तुला आधीच गाठलं. तुझं आणि तिचं पहिल्यापासून जमतं. 'वहिनी, वहिनी' करत तिच्या चुलीपाशी बसायचास. तिने तुला विचारलं असेल की ही वस्तू कशी टिकवतात, आणि तू भोळेपणाने सांगितलं असशील. तसं असेल तर मला लिही, मी तुला दोष देणार नाही.

इकडे मी डोळ्यांत तेल घालून आहे. रक्षाने आपल्या कपाटाला कुलूप लावलं आहे. नऊ वर्षांत कधी लावलं नव्हतं. महिन्यातून एकदा नीलेशला घेऊन ती वर्ध्याला जाते, विचारलं तर म्हणते साडीला फॉल लावायला. सेलूत फॉल लावणाऱ्या मेल्या का सगळ्या?

शोभा मावशी

*

नागपूर, २९ डिसेंबर २००२

ती. मावशीस नमस्कार.

कात्री हा माझा अंदाज होता. दवाखान्यात सगळं कात्रीनेच कापतात, त्यात विशेष काही नाही. रक्षावहिनीने मला काही विचारलेलं नाही, हे मी आईची शपथ घेऊन लिहितो. बायका कपाटाला कुलूप लावतात, त्याला शंभर कारणं असतात.

वर्षअखेरीचं काम फार आहे. सवड झाली की येतो.

निकेश

*

सेलू, २० फेब्रुवारी २००३

चि. निकेश,

तू आला नाहीस. तुझ्या चार ओळींच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. आता जे लिहिते ते बसून वाच.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. रक्षा वाणाचं ताट घेऊन फिरत होती, आणि ताट माझ्या हातात देऊन एकाएकी न्हाणीकडे पळाली. शालूबाई हसली, "काय शोभाबाई, गोड बातमी दिसून राह्यली!" खरंच दिवस गेले होते. नऊ वर्षांनी. निकेश, खोटं लिहीत नाही, आधी मला आनंदच झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी देवापुढे साखर ठेवायला उठले.

तेवढ्यात दुकानातून तुझे मावसाजी आत आले. हिंगणघाटहून फोन होता. मयुरी नुकतीच सासरी परतली होती. हर्षितची छाती भरली, त्याला दवाखान्यात ठेवलं, श्वास लागतो आहे. एका घटकेत दोन बातम्या. एकीचं पोट भरलं आणि दुसरीचं लेकरू नळ्या लावून पडलं. तूच सांग, मी काय समजावं?

मी त्या सगळ्या बायकांसमोर रक्षाला म्हटलं, "माह्या नातवाचं नेऊन तू आपलं घर भरलं." ती न्हाणीच्या दारात उभी होती. म्हणाली, "म्या काई नाई नेलं, आई." मी म्हटलं, "मंग सिंदी मेघेले डबा घेऊन काऊन उतरली होती?" ती माझ्याकडे बघत राहिली. बायकांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि तोंडाला कुलूप. ज्याच्यापाशी उत्तर असतं तो देतो. ती गप्प राहिली, तेव्हाच माझं ठरलं.

दुसऱ्या दिवशी नीलेशने तिला कारंजाला माहेरी नेऊन पोचवलं. तिचे वडील नानाजी हायवेवर टायरचं दुकान चालवतात, तुला ठाऊक आहे. मी स्पष्ट सांगून पाठवलं, झिल्ली कुठे पुरली ते दाखव, मग या घराचा उंबरा ओलांड. नाही तर तिथेच बाळंत हो आणि तिथेच राहा. नीलेश माझ्याशी बोलत नाही. जेवतो, उठतो, दुकानात जातो.

एका जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, वस्तू परत मातीत गेली की बाळ सुधारेल. तुला काही ठाऊक असेल तर आता लपवू नकोस. त्या लेकराचा जीव आहे.

शोभा मावशी

*

नागपूर, २५ फेब्रुवारी २००३

ती. मावशीस,

तुझं पत्र मिळाल्याबरोबर मी हिंगणघाटच्या दवाखान्यात फोन केला. हर्षितला न्यूमोनिया झाला होता, थंडीत पुष्कळ बाळांना होतो. औषध लागू पडलं आहे, नळी काढली. हे आधी वाच आणि मगच पुढचं.

झिल्ली माझ्याकडे आहे. म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत, बर्फापेक्षाही थंड पेटीत. रक्षावहिनीने ती नेली नाही, दवाखान्याच्या डॉक्टरांनी ती ऑपरेशनच्या टेबलावरच काढली आणि मी घेऊन गेलो. डबा वहिनीच्या हाती आला, तेव्हाच त्यात झिल्ली नव्हती. आणि दिली कोणी म्हणशील, तर मयुरीने. राजीखुशीने.

आदल्या दिवशी मी तिला भेटायला आलो, तेव्हा आमच्या कामाबद्दल बोलणं निघालं. ज्यांचा डोळा चुन्याने किंवा ॲसिडने भाजतो, त्यांच्या बुबुळावर कातडी उगवायची थांबते, ते पांढरं पडतं. आम्ही त्याच माणसाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेची तिळाएवढी कातडी घेतो आणि ती काचेच्या ताटलीत वाढवतो. पण ती अधांतरी वाढत नाही. तुमच्या शेजारच्या मळ्यात दोडक्याचा वेल मांडवाशिवाय सोडला तर कुजतो ना, तसंच. तिला पसरायला मांडव लागतो, आणि असा मांडव म्हणून वारेवरच्या झिल्लीइतकं चांगलं आम्हाला काही सापडलेलं नाही. वाढलेली कातडी मांडवासकट त्या डोळ्यावर ठेवतात. पुढे मांडव आपोआप विरून जातो, कातडी राहते.

लोक झिल्ली देत नाहीत. सगळ्यांना पुरायची असते. मयुरी म्हणाली, "मातीत किडे खातीन, त्याच्यापेक्षा कोनाच्या डोयाले लागू दे. पन आईले सांगू नको, अन् माह्या सासूले तर बिलकुलच नाई." मी शब्द दिला. वहिनी तिथेच बसली होती. मयुरीने तिलाही आपली शपथ घातली.

हो, मावशी. तुझ्या हळदीकुंकवात ती उभी होती, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

मी मयुरीला दोनदा फोन केला, की आता तरी सांग. ती रडते. तिची सासू म्हणेल लेकराचं हे तुझ्यामुळे झालं, याची तिला भीती आहे. मी शब्द मोडतो आहे, तिला कळवूनच मोडतो आहे.

शेवटचं. सहा महिन्यांनी मयुरीचं रक्त पुन्हा तपासावं लागतं, काही आजार निघाला नाही तरच झिल्ली वापरता येते. तोवर ती पेटीत पडून आहे. तिने परत मागितली तर मी देईन. ती तिची आहे.

निकेश

*

सेलू, ६ मार्च २००३

चि. निकेश,

हर्षित घरी आला. मी बघून आले. बारीक झाला आहे, पण पाय झाडतो.

तुझं पत्र वाचलं. माझ्या पोटची लेक, माझ्या बहिणीचा लेक आणि माझी सून, तिघांनी मिळून मला वेडं ठरवलं. दवाखान्याच्या दारात मी शेंगदाण्याचे लाडू घेऊन उभी, आणि आत तुमची खलबतं. मी काय वाघ होते? विचारलं असतंत तर कदाचित हो म्हटलं असतं. बरं, नसतं म्हटलं. पण विचारायचं तर होतं.

आता मी सांगते तसं कर. मयुरी मागणार नाही, ती हट्टी आहे. मी मागते. झिल्ली मला आणून दे, मी अनुसयाबाईला न सांगता न्हाणीमागे पुरते. पेटीत आहे म्हणतोस, पण ती आपल्याच हर्षितची कशावरून? तुमच्याकडे चार जणींच्या असतील, मिसळली नसेल कशावरून? कातडी घालून डोळा चांगला होतो म्हणतोस, तर एक तरी असा माणूस मला दाखव.

आणि मयुरीचं नाव बाहेर काढू नकोस. तिची सासू तिला सुखाने राहू देणार नाही. नीलेशसोबत साडी पाठवून मी रक्षाला घरी बोलावते. चार दिवसांत लोक विसरतील. बायकांना दुसरं काही मिळालं की जुनं राहतं बाजूला.

शोभा मावशी

*

कारंजा (घाडगे), २४ मार्च २००३

ती. आईंना रक्षाचा नमस्कार.

साडी मिळाली. रंग चांगला आहे. परत पाठवते आहे, राग मानू नका.

तुम्ही ह्यांच्यासोबत निरोप पाठवला की झालं गेलं विसरून गुपचूप निघून ये. मी गुपचूप येणार नाही. गुपचूप आणतात ते चोरी करणाऱ्या बाईला.

मी सिंदी मेघेत का उतरले, तेही सांगते. तिथे एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. मला थायरॉईड होता, म्हणून दिवस राहत नव्हते. ह्यांना माहीत होतं. औषध चालू होतं आणि त्या दिवशी माझा रिपोर्ट घ्यायचा होता. फॉल लावायला जात होतो तेही तिथेच. कपाटात गोळ्या होत्या. तुम्हाला सांगितलं नाही, कारण आधीच्या उपचारांचं दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी बाजारात गेले की भाजीवालीसुद्धा मला उपाय सांगायची. त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर तुम्ही विचारलंत. सिंदी मेघेचं सांगितलं असतं, तर रक्षाच्या अंगात खोट होती हे साऱ्या गल्लीला कळलं असतं. झिल्लीचं सांगितलं असतं, तर मयुरीताई उघड्या पडल्या असत्या. मला दोन्ही जमलं नाही.

मयुरीताईंचं नाव घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्या तुमच्या लेक आहेत. माझं नाव तुम्ही ज्या बायकांसमोर घेतलं, त्याच बायकांसमोर परत घ्या. मी तेव्हाच येईन. नाही तर माझं बाळ हायवेवर टायरच्या दुकानात मोठं होईल. बाबांनी तसं सांगितलं आहे, आणि ते आनंदाने म्हणाले.

सौ. रक्षा

*

सेलू, २७ एप्रिल २००३

चि. निकेश,

झालं एकदाचं. तुला सगळं सांगते, कारण इथे सांगायला कोणी नाही.

रक्षाचं पत्र वाचून मला फणकारा आला. सासूला अटी घालते! नीलेशसमोर मी बोलून दाखवलं. त्याने ताटावरून हात उचलला. म्हणाला, "आई, तुले लेक वाचवाची हाये का सून, थे सांग. दोघी नाई वाचत." आणि उठून गेला. फेब्रुवारीपासून बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

मी हिंगणघाटला गेले. मयुरीला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हटलं, बाई, तुझं नाव घेतल्याशिवाय माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ती खूप रडली. मग म्हणाली, "सांग तू. वहिनीचं तोंड आठवलं का मले घास नाई जात." सासूला तिने स्वतःच सांगितलं. विहीणबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुमच्या घरी काय काय चालते, आम्हाले माहीतच नव्हतं." ते बोलणं मी गिळलं. झिल्ली परत मागण्याचा विषय मयुरीने काढूच दिला नाही.

परवा मी त्याच बायकांना पुन्हा हळदीकुंकवाला बोलावलं. आपल्या गल्लीत चैत्राचं कोणी करत नाही, म्हणून सगळ्या विचारत होत्या, संक्रांत केव्हाच गेली, आता कसलं हळदीकुंकू? रक्षा नानाजींसोबत आली आणि दारातच उभी राहिली. मी उभ्याने सांगितलं. झिल्ली मयुरीने डोळ्याच्या कामासाठी दिली, रक्षाने काही नेलं नाही, मी खोटं बोलले. 'खोटं बोलले' हे मला दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही. अनुसयाबाई कोपऱ्यात बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला.

आणि बायका कशा असतात बघ. शालूबाई म्हणाली, "अवं, पन नागपूरवाले लोकायले फुकट लावून देतेत का? तुह्या भाच्यानं काई तं घेतलं असन." म्हणजे आता चोर तू. मी तिला असं काही सुनावलं की ती सुपारी न घेता गेली.

रक्षा घरी आली आहे. सगळं करते, सगळं विचारते, डोक्यावर पदर असतो. पण मी दूध नेऊन दिलं तर म्हणते, "ठेवा आई, घेतो." मी गेल्यावर ते मोरीत ओतते आणि दुसरं गरम करून घेते. मी दाराआडून बघितलं. नीलेशला सांगितलेलं नाही.

शोभा मावशी

*

नागपूर, २२ जून २००३

ती. मावशीस नमस्कार.

मयुरी स्वतः येऊन रक्त देऊन गेली. सोबत हर्षित होता, त्याने आमच्या साहेबांचा चष्मा ओढला. तपासणी चांगली निघाली, आणि परवा झिल्लीचा एक तुकडा लागला. चुन्याने गेलेला डोळा होता. डोळा कोणाचा ते सांगायची आम्हाला मुभा नाही. पट्टी सुटली की दिसतं का ते कळेल, आत्ताच सांगता येत नाही. सगळ्यांना दिसतंच असं नाही, हेही तुला लिहून ठेवतो.

दुधाबद्दल तू लिहिलंस. तिला वेळ दे.

निकेश

*

सेलू, ८ ऑक्टोबर २००३

चि. निकेश,

रक्षाला मुलगी झाली. नाव आचल ठेवायचं म्हणतात. गोरी आहे, नाक आपल्या घरचं. रक्षाची तब्येत चांगली आहे.

तुझं जूनचं पत्र आल्यापासून माझा एक उद्योग झाला आहे. दुकानात कोणी चुना-तंबाखू घ्यायला आला की मी आधी त्याचे डोळे बघते. एखादा जरा तांबूस दिसला की विचारते, नागपूरला जाऊन आलात का? तुझे मावसाजी म्हणतात, गिऱ्हाईक पळवशील. त्या डोळ्याला दिसायला लागलं का, ते तू अजून कळवलं नाहीस. माझ्या मनाला ते लागून राहिलं आहे.

आता बाळंतपणाचं सांगते. मागच्या सगळ्या गोष्टी मनात होत्या, म्हणून मी ठरवलं होतं की या वेळी माझ्याकडून काही कमी पडू द्यायचं नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात मीच डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "आमचा भाचा त्या कामात हाये. वारेवरची झिल्ली पाहिजे असन तं न्या, आमची काई ना नाई." मला वाटलं, हे ऐकून रक्षाला बरं वाटेल. सासू सुधारली असं वाटेल. ती कळा देत होती, तरी तिने मान वळवली. म्हणाली, "नाई. मले पुरी पाहिजे." बाई हसून म्हणाल्या, "ऑपरेशन झालं तरच आम्ही घेतो, काळजी करू नका." मी ओशाळले. तिला विचारायला हवं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. ज्या गोष्टीसाठी मी तुम्हा तिघांवर एवढी तणतणले, तीच मी केली.

मग मुलगी झाली, रडली, सगळे हसले. मी घरून नवी बरणी आणली होती, धुऊन उन्हात वाळवलेली, आत हळद घालून. सिस्टर पिशवीत वार घेऊन आली. मी दोन्ही हात पुढे केले. खाटेवरून रक्षाचा आवाज आला. मोठा नव्हता. "सिस्टर, आईच्या हाती नका देऊ. माह्या बाबाले द्या."

नानाजी दारात उभे होते. त्यांना कुठे बघावं ते कळेना. ते पुढे आले आणि त्यांनी पिशवी घेतली. नीलेश माझ्या शेजारी होता. तो सासऱ्यांच्या मागोमाग बाहेर गेला.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला, आणि फार आला. मी बायकांसमोर उभी राहून माझं थोबाड फोडून घेतलं, माझ्या लेकीला सासरी खाली मान घालायला लावली, ते काय याच्यासाठी? आजवर मी कोणापुढे एवढी वाकले नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मग बाळ तिच्या कुशीत होतं ते बघितलं. तिने हात बाळावर असा ठेवला होता की मला नुसतं तोंड दिसावं, बाकी काही दिसू नये. मी तिथून बाहेर आले.

न्हाणीमागे मी खड्डा आधीच करवून ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशी मीच बुजवला. आचलची वार कारंजाला पुरली की आणखी कुठे, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.

तुझी,
शोभा मावशी